नागझरी चौकीचं कुलूप

"इष्णू, सांग त्याला. ज्यानं लॉकअपचं कुलूप काढलं, त्याला निस्तं नोकरीवरनं काढून भागत न्हाई. गजाआड घातला पायजे."

हिंदुराव माझ्या खुर्चीत मान मागं टाकून बसला हुता. गळ्यावर माझा वस्तरा. गळ्यावर वस्तरा आसताना माणसानं एवढ्या तावातावानं बोलू नये, पण पाटलाच्या पोराला कोण सांगणार.

माझ्या पाठीमागं बाकड्यावर त्याचा सख्खा धाकटा भाऊ, सर्जेराव. त्यानं टीव्हीवरची नजर काढली न्हाई. म्हणला, "इष्णू, तू बी सांग. कुलूप हवालदारानं काढलं हे कुणी बघितलं? चौकीत शेंगा खात बसला हुता म्हणून लगेच त्यानंच काढलं व्हय?"

मी कुणालाच काय सांगितलं न्हाई. दोघांच्या मधे दोन हाताचं अंतर, समदं ऐकायला जात हुतं. पण रीतच तशी पडलेली. कैक वर्षं ते दोघं एकमेकाशी बोलत नव्हते. बोलायचं झालंच तर माझं नाव घेऊन बोलायचे. एकमेकाकडं बघायचे बी न्हाईत. बघायचं झालं तर माझ्या आरशात बघायचे.

आता हे लॉकअप म्हंजे काय ते सांगतो, न्हाईतर तुमी म्हणाल गावात खून पडला. गावात काय न्हवतं पडलं. ती टीव्हीवरची मालिका. 'नागझरी चौकी.' दर बेस्तरवारी सांजचं आठला. त्याच टायमाला दुसऱ्या चॅनलवर सासू-सुनांचं लागायचं, म्हंजे घरात बापयाला टीव्ही मिळायची सोय न्हाई. मग समदी माझ्या सलूनात. मी बी हुशार, बेस्तरवारी शटर उशिरा ओढायचो. कोण दाढीला, कोण कटिंगला, बाकीचे निस्ते बसायला.

मालिकेत एक इन्स्पेक्टर रणदिवे. लई कडक, हसताना कुणी बघितला न्हाई. त्याच्या हाताखाली हवालदार गुरव, ढेरपोट्या, शेंगा खाणारा, पण मनानं चांगला. आन् चंपा नावाची एक पोरगी. सावकाराच्या पोराचा खून तिच्यावर घातलेला. तिनं केला न्हाई हे आमाला समद्यांना ठावं, पण आमाला कोण इचारतंय. तिला लॉकअपमधी कोंडली. आन् एका राती पोरगी गायब. कुलूप फोडलेलं न्हाई, नीट काढून कडीला आडकवलेलं. ड्युटीवर हवालदार गुरव. झालं, त्याच्यावर आलं.

तवापासनं माझं सलून म्हंजे कोर्ट झालं.

शेजारचा दिनकर टेलर गळ्यात टेप घालून यायचा. त्याचं मत दर बेस्तरवारी निराळं. एकदा म्हणला, चंपा नागीण हाय, म्हणून तर गावाचं नाव नागझरी. पुढच्या खेपेला म्हणला, कुलूप कुणी काढलंच न्हाई, लावायचंच राहिलं हुतं. "माझ्या दुकानाचं न्हाई का राहत?"

ते ऐकून आमी हसायचो. हे दोघं भाऊ हसायचे न्हाईत.

ते का बोलत न्हाईत ह्याची गावात दोन कारणं. एक बांधाचं. आबा, म्हंजे त्यांचा बाप, वारला, वाटण्या झाल्या, आन् मधल्या बांधावरनं दोघांत ठिणगी पडली. दुसरं त्याच्या आधीचं. त्यांची धाकटी बहीण मालन. बोअर मारायला गाडी आली हुती, त्या गाडीवरच्या गड्यावर तिचं मन बसलं. गडी दुसऱ्या जातीचा. आबांनी तिला माजघरात कोंडली. सकाळी बघत्यात तर दार उघडं आन् पोरगी न्हाई. थोरल्याच्या उशाखालची चावी सर्जेरावानं चोरली, आसं झालं. त्याची बहिणीवर लई माया, हे समद्यांना ठावं. आबांनी भर अंगणात त्याला जोड्यानं मारला. बायकोपोरासकट गोठ्याकडच्या खोलीत घातला. त्यो एक शब्द बोलला न्हाई. मी तवा आबांची दाढी करायला गेल्तो, वाटी तशीच घेऊन माघारी आलो.

पण आबा गेले, मालनचं नाव बी घरात कोण काढंना. मला वाटायचं ते प्रकरण आबांबरं जळालं. मी आपला बांध धरून बसलेलो.

एक दिवस दुपारचं हिंदुरावाची थोरली पोरगी शैला आली. पोरीबाळी सलूनची पायरी चढत न्हाईत, म्हणून खालीच उभी राहिली. तिचं लगीन ठरलं हुतं, मांडव पडायला आला हुता.

"इष्णूकाका, तुमच्याशी दोघं बोलत्यात."

"माझ्याशी न्हाई बाई. माझ्यावरनं बोलत्यात."

"मग तुमच्यावरनंच सांगा चुलत्याला. माझ्या लग्नाचं."

"आगं, आख्ख्या गावाला आवतण सांगत मीच फिरणार हाय. ते आमच्याकडंच आसतंय. पण सख्ख्या भावाला न्हाव्यानं जाऊन आवतण सांगायचं म्हंजे त्याला परका धरल्यागत. तिथं थोरल्यानं जायला लागतंय. कुंकू लावून चूलबंद सांगायला लागतंय. आज तुमच्या घरची चूल पेटवायची न्हाई, समदी जेवायला आमच्याकडं, आसं. त्याबगार त्यो येणार न्हाई."

"मग मी हळद लावून घेणार न्हाई."

"खुळी का काय तू?"

"काकीनं मला भिंतीवरनं वाटीत कालवण देऊन वाढवलंय. आई आजारी हुती तवा. आमच्या आण्णाला ठावं हाय, त्यो बघून न बघितल्यागत करायचा. पयली हळद काकी लावणार. न्हाईतर कोणच न्हाई."

"बापाला, आण्णाला बोललीस हे?"

"बोलली. म्हणला, माझ्या पायानं त्या दारात जायाचं व्हायचं न्हाई."

पोरगी रडली आसती तर बरं झालं आसतं. रडली न्हाई. हट्टाला पेटलेली हुती, पाटलाचंच रक्त. आता हळद आडली तर लगीन आडणार, सोयरं माघारी फिरणार, आन् पोरीचं नाव गावभर. मी म्हणलं, बघतो.

काय बघणार कपाळ. मी आपला साधा इचार केला. ह्यांचं एकमत कशावर तरी झालं पायजे. बांधावर हुईना, तर निदान हवालदारावर होऊ दे. एका गोष्टीवर मुंडी हलली की दुसऱ्या गोष्टीवर हलती.

म्हणून पुढच्या बेस्तरवारी मी मधलं मत काढलं. म्हणलं, "मला काय वाटतंय, कुलूप हवालदारानंच काढलं. पण साहेबाच्या सांगण्यावरनं. म्हंजे दोघं बी खरं."

मला वाटलं लई शहाणपणाचं बोललो. तर दोघं बी माझ्यावरच उलटले.

"तू गप रं इष्णू," हिंदुराव म्हणला. "साहेबाचं नाव मधी घालू नको."

"का घालू नको?" सर्जेराव बाकड्यावरनं उठला. "साहेब हुता ना त्या राती चौकीत? मग त्याला कोण का इचारत न्हाई? इष्णू, सांग त्याला, साहेबाला कोण का इचारत न्हाई?"

हिंदुरावाचं नरडं खाली-वर झालं आन् माझा वस्तरा लागला. एवढ्या वर्षांत माझ्या हातनं त्याला कधी लागला नव्हता. जरासं रगत आलं. मी तुरटी फिरवली. तुरटी जखमंवर झोंबती, माणूस हमखास सुस्कारा सोडतो. त्याला कळलं बी न्हाई. आरशात बघत बसला. आन् आरशात सर्जेराव उभा हुता.

मग हिंदुराव हळूच म्हणला, "ज्यानं काढलं त्याला सोडायचा न्हाई. एवढंच माझं म्हणणं हाय."

सर्जेराव चपला घालून गेला. मालिका आर्धी हुती, तरी गेला.

माझं डोस्कं फिरलं. एवढा राग कुणी हवालदारावर काढतं का? आन् त्या साहेबाची एवढी बाजू घ्यायला त्यो ह्याचा कोण लागतोय? दिनकर म्हणला, "आरं, आसत्यात काय काय माणसं. माझी सासू त्या चंपासाठी उपास धरती."

मग त्यो शेवटचा बेस्तरवार आला. आठवडाभर टीव्हीवर दाखवत हुते, "कुणी काढलं कुलूप? बघा ह्या गुरुवारी." तवा मोबाईल काय घरोघर नव्हते, आता बघायचं चुकलं तर चुकलं. माझ्या सलूनात शटरापातुर माणसं. हिंदुराव खुर्चीत, तोंडाला फेस लावलेला. सर्जेराव नेहमीच्या बाकड्यावर. मांडवाचे डांब आदल्या दिवशी रोवले हुते, आन् अजून आवतण गेलं नव्हतं. शैलानं आदल्या दिवसापासनं जेवण सोडलंय, आसं माझी बायको सांगत हुती.

टीव्हीवर रणदिवे साहेब खुर्चीतनं उठला. टोपी काढून टेबलावर ठेवली. समोर हवालदार गुरव मान खाली घालून उभा. साहेब म्हणला, "गुरव, त्या रात्री चौकीची चावी..."

आन् लाईट गेली.

तसा आमचा नंबर बेस्तरवारी नव्हता. पण भारनियमनाला कसला आलाय नंबर. आशी बोंब उठली की कुत्री भुकाय लागली. लाईटवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या लोकांनी. थोडा वेळ वाट बघितली, मग एकेक जण शिव्या देत घराकडं गेला. राहिलो आमी चौघं. मी, दिनकर, तोंडाला फेस लावलेला हिंदुराव, आन् सर्जेराव. सर्जेराव का राहिला ते तवा मला उमजलं न्हाई. म्हणलं, चपला सापडत नसतील.

मी मेणबत्ती लावून आरशापुढं चिकटवली. आरशात दुसरी पेटली.

"काय म्हणला आसंल रं साहेब?" दिनकर म्हणला.

"काय म्हणायचंय," सर्जेराव म्हणला. "हवालदारावरच यायचं. गरिबाच्याच बोकांडी बसतंय समदं."

मी ब्रश पाण्यात बुडवला.

"इष्णू," हिंदुराव म्हणला. मला वाटलं दाढी कर म्हणतोय, म्हणून मी वस्तरा उचलला. त्यानं माझा हात धरला. "सांग त्याला. हवालदारानं न्हाई काढलं."

मी बघतच राहिलो. एवढे आठवडे हवालदाराला गजाआड घालायला निघालेला ह्यो माणूस.

"आता गं," दिनकर म्हणला. "मग कुणी काढलं?"

"साहेबानं."

"कशावरनं म्हणताय दादा?"

"चावी साहेबाकडं हुती. करदोट्याला बांधलेली."

दिनकरला हसू आलं. "आवं, पँट-बेल्टातला साहेब त्यो, त्याला कसला करदोटा? चावी भिंतीला खिळ्यावर हुती. मी डोळ्यानं बघितलीय."

"करदोट्याला हुती," हिंदुराव म्हणला. "उशाखाली न्हवती."

"उशी कुठनं आली आता चौकीत?"

बाकड्याकडनं सर्जेरावाचा आवाज आला. अंधारात त्याचं तोंड दिसत नव्हतं. "इष्णू, इचार त्याला. साहेब तर लई कडक. मग कुलूप का काढलं?"

"कोंडली वरच्यानं. साहेबाच्या हातात निस्ती चावी दिली, म्हणला संभाळ." हिंदुराव आरशाशी बोलल्यागत बोलत हुता. "पोरगी आत रडत हुती. साहेब दाराबाहेर वाकळ टाकून पडला हुता. रडत हुती तवर त्यानं कान झाकून घेतलं. मग रडायची थांबली. थांबली तवा त्याला भ्या वाटलं. तवा उठला."

"चंपा कुठं रडत हुती?" दिनकर म्हणला. "ती तर गाणं म्हणत हुती. त्या भागात गाणं नव्हतं का, इष्णू?"

मी गाणं आठवाय लागलो, तर आबांचं माजघर आठवलं.

"इचार त्याला," सर्जेराव म्हणला, "मग सकाळी साहेब बोलला का न्हाई? हवालदाराला भर चौकीत जोड्यानं मारत हुते तवा साहेब कुठं हुता?"

"तिथंच हुता. दाराच्या आड."

"मग?"

"बापाला भ्याला."

"आता बाप कुठनं काढला?" दिनकर चिडला. "साहेबाचा बाप तर दुसऱ्याच भागात वारला. दादा, तुमी मालिका बघता का झोपा काढता?"

मी दिनकरच्या पायावर पाय दिला. जोरानं दिला. त्यो ओरडणार हुता, पण मेणबत्तीत माझं तोंड बघितलं आन् गप झाला.

मेणबत्ती तडतडली. हिंदुरावाच्या गालावरचा फेस आता पाणी सोडून खाली उतराय लागला हुता. त्यानं पुसला न्हाई.

"आन् बाप गेल्यावर?" सर्जेराव म्हणला. "बाप गेल्यावर कुणाला भ्याला?"

हिंदुराव म्हणला, "हवालदाराला."

बाहेर रस्त्यानं एक बैलगाडी गेली.

"इष्णू, सांग साहेबाला," सर्जेराव म्हणला. "हवालदाराला ठावं हुतं."

हिंदुराव खुर्चीत वळला. आरसा सोडून वळला. "काय ठावं हुतं?"

"हवालदार त्या राती गुरांजवळ गोठ्यात जागा हुता. साहेबानं पोरीच्या अंगावर सवताचं घोंगडं टाकलं. बांधापातुर घालवाय गेला. माघारी येताना बांधावर बसून रडला. ते समदं बघितलं हवालदारानं."

चौकीला गोठा कुठनं आला, हे आता दिनकरनं बी इचारलं न्हाई.

"मग बोलला का न्हाई त्यो? मार कशाला खाल्ला?" हिंदुराव म्हणला.

"साहेब बोलंल म्हणून. मार त्याच दिशी इसरला त्यो. म्हणला, आज न्हाई, उद्या साहेब दारात येईल. बापाम्होरं न्हाई, निदान गोठ्याच्या दारात येईल, आन् म्हणंल." त्यानं नाक ओढलं. "बसलाय अजून वाट बघत. त्याचं काय रुसणं न्हवतं. बांधाबिंधाचं त्याला काय पडलंय."

हिंदुरावानं दोन्ही हातानं खुर्चीचं हात धरलं हुतं. उठावं का बसावं हे त्याला कळत नव्हतं. मला बी कळत नव्हतं, वस्तरा धरू का ठेवू. ह्यांना आता दोघांनाच सोडावं, तर सलून माझं, जायचं कुठं?

सर्जेराव बाकड्यावरनं उठला. चपला पायातच हुत्या. मेणबत्तीच्या उजेडात आला, थोरल्या भावाच्या तोंडाकडं बघितलं, आन् म्हणला, "दादा, फेस वाळला तुझा."

माझं नाव न घेता म्हणला.

मी नवा फेस केला. नीट दिसंना म्हणून मेणबत्ती जवळ घ्यायला लागली, तर सर्जेरावानंच ती धरली. मेण त्याच्या बोटावर गळत हुतं. दाढी हुईतवर त्यानं हलवली न्हाई. हिंदुराव डोळे मिटून पडला हुता, आन् मिटलेल्या डोळ्यातनं जे येत हुतं ते मी फेसाबरं पुसून काढत हुतो.

दाढी झाली. हिंदुरावानं तोंड पुसलं. म्हणला, "उद्या सकाळी येतो. कुंकू घिऊन. चूल पेटवू नका."

"एकट्या माझ्याच घरचं आवतण हाय का?" सर्जेराव म्हणला.

हिंदुरावाला कळलं न्हाई. मग कळलं. "तिचं घर ठावं हाय तुला?"

"ठावं हाय."

"मग तिथं दोघं जाऊ."

पुढं काय सांगायचं. शैलाला पयली हळद काकीनं लावली. दुसरी लावली ती बाई मी ओळखलीच न्हाई, केस पिकलेले, हातात बारकं पोरगं. तिनंच मला इचारलं, "इष्णूदादा, वाटी घिऊन माघारी गेलता म्हणं त्या दिवशी? धाकट्या दादानं सांगितलं." आन् हसली, तवा मालन वळखू आली. बांधाचं म्हणाल तर त्यो बांध अजून हाय तसाच हाय. त्यावरनं अजून भांडत्यात, पण तोंडावर भांडत्यात. मला मधी घेत न्हाईत.

दिनकर मात्र मांडवात जिलबी खाताना माझ्या कानाशी आला. "इष्णू, मला एक सांग. त्या चौकीचं कुलूप शेवटाला काढलं कुणी?"

पुढच्या बेस्तरवारी मालिका दुसऱ्याच खुनावर गेली हुती. चंपाचं नाव न्हाई, कुलपाचं नाव न्हाई. पलीकडच्या गावात त्या दिवशी लाईट हुती, तिथल्या लोकांनी बघितलं आसंल. त्यातले निम्मे माझ्याकडंच दाढीला येत्यात.

मी कुणाला इचारलं न्हाई.